‘कोणते वानखडे?’

आमच्या दारव्हा–दिग्रस भागात वानखडे हे आडनाव कुणबी घरांत आहे, बौद्ध घरांत आहे आणि आणखीही काही जातींत आहे. मेश्राम गोंडांतही सापडतात आणि बौद्धांतही. राऊत आणि ठाकरे यांचीही तीच गोष्ट. त्यामुळे एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आधी गाव विचारले जाते, मग आडनाव, आणि आडनावाने उलगडा झाला नाही की तिसरा प्रश्न येतो : “कोणते वानखडे?” विचारणाऱ्याच्या तोंडून तो सवयीने निघतो. ज्याला विचारला जातो त्याला मात्र क्षणभर थांबावे लागते, कारण आपले उत्तर ऐकून शेजारचा माणूस आधीसारखाच बोलत राहील की खिडकीबाहेर पाहू लागेल, याचा अंदाज त्याला उत्तराच्या आधीच बांधावा लागतो.

हाच प्रश्न आमच्या गावातील एका मुलाला दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत विचारला गेला. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला. त्याचे वडील पंधरा-सोळा वर्षे गावातल्या एका मोठ्या कास्तकाराकडे सालदार होते. मुलगा अमरावतीला अभियांत्रिकी शिकला, राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर पुढचे शिक्षण घेऊन तिकडेच नोकरीला लागला. काही महिन्यांनी त्याच्या विभागात नवे वरिष्ठ आले, ते मराठी निघाले, आणि परक्या देशात आपल्या भाषेतला माणूस भेटल्याचा आनंद आठवडाभर टिकला. मग गाव, मग आडनाव, मग तिसरा प्रश्न. मुलाने खरे उत्तर दिले. त्यानंतर सुटीच्या दिवशीची जेवणाची बोलावणी थांबली. ते त्याने मनावर घेतले नाही. पण तीन महिन्यांत त्याच्याकडचे महत्त्वाचे काम काढून घेतले गेले, आणि सवलतीवर आलेल्यांचा पाया कच्चाच असतो, असे वाक्य सर्वांदेखत त्याला ऐकावे लागले. हे सारे त्याने आईला सांगितले नाही, वडिलांना सांगितले. ते एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि बराच वेळ पावसापाण्याचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, “गुरुजी, तिकडं अ‍ॅट्रॉसिटी लागते काय जी?”

त्या संध्याकाळी मला धड उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले, जाणकारांना विचारले आणि मनाशी ठरवले, ते इथे मांडतो आहे.

सरळ उत्तर असे, की अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 हा भारताच्या हद्दीतला कायदा आहे; परदेशातल्या कार्यालयात घडलेल्या भेदभावाला तिथलाच कायदा लागू होतो. आणि आपली मुले ज्या देशांत जातात त्यांपैकी बहुतेकांच्या कायद्यांत वंश, वर्ण, धर्म, लिंग, पूर्वज, राष्ट्रीय मूळ असे शब्द आहेत, पण जात हा शब्द नाही. तो शब्द तिथल्या कायद्यात स्वतःच्या नावाने आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. इतर शब्दांच्या पोटात जात आपोआप येते, असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही सद्हेतूने सांगतात. परंतु त्या सांगण्याचा ज्याच्यावर अन्याय झाला त्याला फारसा उपयोग होत नाही, हे आपल्याच इतिहासावरून दाखवता येते.

जात समुद्र ओलांडून जाईल, हे ओळखणारा माणूस आमच्याच वऱ्हाडात वाढलेला होता. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीला झाले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते 1909 साली प्रसिद्ध झाले. हिंदू लोक पृथ्वीच्या इतर भागांत जाऊन राहू लागले तर भारतातली जात हा जगाचा प्रश्न होईल, असे त्यांनी त्यात म्हटले होते. पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, त्यात केतकरांचे हे वाक्य उद्धृत केले. म्हणजे जातीला जगाचा प्रश्न म्हणणारी दोन्ही माणसे मराठी होती, आणि दोघांनीही हे अमेरिकेच्या भूमीवर उभे राहून म्हटले. आज अमेरिकेत जातीचा विषय निघाला की, हा कुणीतरी अलीकडे बाहेरून आणून लादलेला विषय आहे, असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी निदान ही तारीख पाहावी.

अमेरिकेच्या न्यायालयांनाही जात हा शब्द नवा नाही. भगतसिंग थिंड हे पंजाबातून अमेरिकेत गेलेले शीख गृहस्थ. त्या काळी नागरिकत्व गोऱ्या माणसांना मिळे, म्हणून आपण उच्च जातीचे, शुद्ध आर्य वंशाचे आहोत आणि म्हणून गोरे ठरतो, असा त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला. उच्च जातीचा हिंदू विवाहसंबंधांच्या बाबतीत भारतातल्या मूळनिवासींकडे त्याच नजरेने पाहतो ज्या नजरेने अमेरिकन माणूस काळ्या माणसाकडे पाहतो, अशा आशयाचे विधान त्या युक्तिवादात होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे निकालासाठी आलेल्या प्रश्नातच ‘उच्च जातीचा हिंदू’ हे शब्द होते. 19 फेब्रुवारी 1923 रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. त्या काळच्या वंशभेदी कायद्याने एका माणसाला केवढ्या अडचणीत लोटले होते, हे मी विसरत नाही, आणि त्या माणसाला दोष देण्याचाही माझा हेतू नाही. पण हक्क मिळवायचा होता तेव्हा जात न्यायालयात सांगता येत होती, आणि अन्यायाची दाद मागायची वेळ आली की जात अमेरिकेला अपरिचित ठरते, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत.

या निकालाला शंभर वर्षे आणि दोन दिवस झाले तेव्हा, 21 फेब्रुवारी 2023 रोजी, सिएटल शहराच्या नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मताने जातिभेदाला बंदी करणारा नियम मंजूर केला. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि स्वतः ब्राह्मण कुटुंबातल्या. नोकरी, घरभाडे आणि सार्वजनिक ठिकाणे या तिन्ही जागी जातीवरून कुणाला डावलता येणार नाही, आणि तसे झाल्यास शहराच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येईल, असा हा नियम आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरानेही तसेच केले. विद्यापीठे याआधीच जागी झाली होती : ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 साली, तर तेवीस संकुलांच्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 च्या जानेवारीत आपल्या नियमावलीत जात हा शब्द घातला.

यानंतर राज्यपातळीवर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर आयशा वहाब यांनी आणलेले विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने संमत झाले. ‘पूर्वज’ या आधीपासून असलेल्या शब्दाच्या व्याख्येत जातीचा समावेश करावा, इतकीच त्या विधेयकाची अंतिम मागणी होती. 7 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. पूर्वज, धर्म, राष्ट्रीय मूळ या आधीच्याच वर्गांखाली जातिभेदाला बंदी आहे, म्हणून विधेयक अनावश्यक, असे त्यांचे कारण. या कारणात एक चांगली गोष्ट आहे : जातिभेद बेकायदा आहे, हे राज्याच्या प्रमुखाने लेखी मान्य केले. पण मग तो शब्द लिहिण्यात अडचण कोणती होती, याचे समाधानकारक उत्तर मला त्या पत्रात सापडत नाही.

अडचण कुठे येते ते सिस्को कंपनीवरील दाव्यात दिसते. कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने 2020 च्या जूनमध्ये हा दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याची जात त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांत उघड केली आणि पुढे त्याची कामे व संधी कमी केल्या गेल्या, असा त्यातला आरोप. कंपनीने आरोप नाकारले आणि दोन अभियंत्यांवरील वैयक्तिक दावा विभागाने 2023 च्या एप्रिलमध्ये स्वतःहून मागे घेतला, हेही सांगितले पाहिजे; खरेखोटे काय ते न्यायालय पाहील. माझे लक्ष त्या दाव्यातल्या एका ओळीवर आहे. अभियंत्याने कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे तक्रार केली तेव्हा, जातीवरून होणारा भेदभाव बेकायदा नाही, असे त्याला उत्तर मिळाले, असे विभागाने दाव्यात म्हटले आहे. तक्रार घेणारा कारकून, अधिकारी, वकील हे सारे लोक समोरच्या कागदावर छापलेले शब्द पाहून काम करतात. यादीत शब्द नसेल तर तक्रारीला खाना नसतो, आणि खाना नसलेली तक्रार कुठे जाते, हे तहसील कार्यालयात खेटे घातलेल्या प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे.

ब्रिटनची गोष्ट तर अधिक लांबलेली आहे. तिथल्या 2010 च्या समानता कायद्यात, जात हा वंशाचाच एक भाग मानण्याची तरतूद सरकारला करता येईल, असे कलम होते. 2013 साली संसदेने ते बदलून, सरकारने तशी तरतूद केलीच पाहिजे, असे केले. सरकारने ती केली नाही. जनतेची मते मागवली, आणि 2018 च्या जुलैत, न्यायालयांच्या निकालांतून हे संरक्षण मिळते आहे, म्हणून वेगळी तरतूद नको, असे जाहीर केले. ज्या निकालावर हे विसंबणे होते तो बिहारमधून घरकामासाठी नेलेल्या एका आदिवासी स्त्रीचा. साडेचार वर्षे ती एका भारतीय वंशाच्या कुटुंबात राबली. पारपत्र मालकांकडे, झोपणे जमिनीवर, दिवसाचे अठरा तास काम. जातीचा मुद्दा काही परिस्थितीत ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकतो, असे अपिलाच्या न्यायाधिकरणाने 2014 साली म्हटले, आणि 2015 साली तिला थकलेल्या मजुरीपोटी 1,83,773 पौंड देण्याचा आदेश झाला. न्याय झाला, त्याचे समाधान आहे. पण ‘काही परिस्थितीत’ आणि ‘बसू शकतो’ या शब्दांचा अर्थ असा, की पुढच्या प्रत्येक बाईला आपली परिस्थिती त्यांपैकी आहे हे नव्याने सिद्ध करावे लागणार. आपल्याला काय सोसावे लागले हे सांगण्याआधी, जात म्हणजे काय हे परक्या भाषेतल्या न्यायाधीशाला शिकवण्याचे कामही तिच्याच डोक्यावर. त्याच 2015 साली महाराष्ट्र शासनाने लंडनमधले, बाबासाहेब जिथे विद्यार्थी असताना राहिले ते घर विकत घेतले. ते योग्यच केले. मात्र ब्रिटनच्या कायद्यात जातीचा शब्द यावा म्हणून तिथले आंबेडकरी लोक झगडत होते, तेव्हा त्यांच्या पाठीशी आपले शासन उभे राहिले असते, तर त्या घराची शोभा आणखी वाढली असती.

सर्वसाधारण शब्द पुरेसे असतात की नाही, याचा निकाल आपल्याकडे कधीच लागलेला आहे. मुंबईच्या विधिमंडळाने 1923 साली, सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले असल्याचे जाहीरही केले. तरी 20 मार्च 1927 रोजी लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले तेव्हा त्यांना मारहाण झाली, आणि न्यायालयातला वाद 1937 पर्यंत चालला. ज्या माणसाने हे सारे अंगावर घेतले त्याच्याच हातून पुढे संविधानाचा मसुदा झाला. त्यातल्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे शब्द एकामागून एक आहेत. वंश लिहिले म्हणजे जात आली, असे कुणी मानले नाही. एवढ्यावर न थांबता पुढच्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावानिशी यादी आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात विहीर आणि घाट लिहावे लागावेत, हे एखाद्या परदेशी अभ्यासकाला विचित्र वाटेल. ज्याच्या आईने दुसऱ्याच्या विहिरीवर घागर घेऊन कुणीतरी पाणी ओतेल म्हणून वाट पाहिली आहे, त्याला ते विचित्र वाटत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. जातपंचायतीने एखाद्या घरावर बहिष्कार टाकला, किराणा बंद केला, अंत्ययात्रेला कुणी जायचे नाही असे फर्मावले, तर धमकी, कट, बदनामी अशी नेहमीची कलमे लावून भागवावे लागे आणि त्यांत मूळ गुन्हा हरवून जाई. आधीची कलमे आहेतच की, असे तेव्हाही म्हटले जात होते. तरीही राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो 3 जुलै 2017 पासून लागू झाला, आणि त्यानंतर बहिष्कार हा शब्दच गुन्ह्याचे नाव झाला. बहिष्कृत कुटुंब ठाण्यात गेले तर त्याला आता आपली गोष्ट दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याच्या मापाने कापून सांगावी लागत नाही. अमेरिकेतल्या मुलासाठी मी याहून जास्त काही मागत नाही.

या मागणीवर जो आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, तो असा : असा कायदा हिंदूंना, भारतीयांना वेगळे काढतो, आधीच परक्या देशात राहणाऱ्या मुलांकडे संशयाने पाहिले जाईल, वर्गातला एखादा अजाण शिक्षक प्रत्येक भारतीय मुलाला त्याची जात विचारत सुटेल. ही भीती पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे, की वर्गात एका मुलाकडे बोट दाखवून शिकवलेला धडा त्या मुलाला आयुष्यभर बोचतो, आणि कायद्याबरोबर जे प्रशिक्षण येईल ते नीट जाणत्या माणसांनी तयार केले पाहिजे. पण कायद्याच्या मजकुरात कुठल्या धर्माचे किंवा जातीचे नाव नाही. लिंगभेदाचा कायदा पुरुषांची बदनामी करतो, असे आपण म्हणत नाही. जात शिखांत आहे, ख्रिस्ती झालेल्यांत आहे, मुसलमानांत आहे. आणि एखाद्या ब्राह्मण मुलाला केवळ जातीमुळे नोकरीत डावलले तर हाच नियम त्याच्याही बाजूने उभा राहील.

आक्षेप घेणाऱ्यांत माझ्या समाजाचेही लोक आहेत, म्हणून घरचे सांगतो. मी कुणबी कास्तकाराच्या घरात वाढलो. गुढीपाडव्याला सालदार ठरे, त्याच्याशी घरातले सारे आपुलकीने बोलत, आजारपणात त्याला औषध आणून देत. आणि त्याची कपबशी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई. माझ्या वडिलांना कुणी जातीयवादी म्हटले असते तर त्यांना अतोनात दुःख झाले असते, आणि ते दुःख खरे असते. तरीही कपबशी कोनाड्यातच होती. आपण कुणाचा द्वेष करत नाही, म्हणजे आपल्या हातून भेदभाव होत नाही, अशी जी समजूत आपण सोबत घेऊन विमानात बसतो, तिच्यावर माझा विश्वास राहिलेला नाही तो या कोनाड्यामुळे. त्या घरातून निघालेला माणूस तिकडे कुणाचे मूल्यमापन करत असेल, तर त्याच्यासमोर एक स्पष्ट लिहिलेला नियम असणे हा त्याचा अपमान नाही.

तिकडे खरोखर असे घडते का, किती घडते, यावर आकड्यांचा वाद आहे. इक्वॅलिटी लॅब्स या संस्थेच्या 2018 च्या अहवालात, दलित उत्तरदात्यांपैकी 67 टक्क्यांनी कामाच्या ठिकाणी जातीवरून अन्यायाची वागणूक मिळाल्याचे सांगितले होते. ते नमुना सर्वेक्षण नव्हते. ओळखीतून ओळख काढत लोकांपर्यंत पोहोचलेले होते, आणि त्यामुळे तो आकडा साऱ्या समाजाला लावता येत नाही, हा टीकाकारांचा मुद्दा रास्त आहे. कार्नेगी संस्थेच्या 2020 च्या सर्वेक्षणात जातिभेद अनुभवल्याचे सांगणारे भारतीय अमेरिकी सुमारे 5 टक्केच निघाले. पण त्याच सर्वेक्षणात, स्वतःची जात सांगणाऱ्या हिंदूंपैकी दहांतले आठांहून अधिक जण खुल्या किंवा उच्च जातींचे होते. जिथे सोसणाऱ्यांची संख्याच इतकी थोडी, तिथे साऱ्यांची सरासरी काढली तर आकडा लहानच येणार. आमच्या गावात कधीकाळी चार उंबरठे वगळून बाकीच्यांना विचारले असते, तर विहिरीबद्दल कुणाची तक्रार निघाली नसती. संरक्षणाचा कायदा थोड्यांसाठीच लागतो. पुष्कळांना तो पुष्कळ असल्यामुळेच लागत नाही.

खोट्या तक्रारींचे भय आपल्याकडून तिकडे जसेच्या तसे नेले जाते. भारतात या भयापोटी सर्वोच्च न्यायालयाने 20 मार्च 2018 रोजी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या अटकेवर बंधने घातली, संसदेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा पूर्ववत केला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयानेही आपले निर्देश मागे घेतले. इथे तो वाद अटकेचा होता. सिएटलच्या नियमात अटक नाही, तुरुंग नाही. चौकशी, समेट आणि नुकसानभरपाई आहे. पुरावा तक्रारदारालाच द्यायचा आहे. वंश किंवा लिंग यांच्या तक्रारींना जे मोजमाप लागते तेच इथे लागेल.

सर्वांत जड प्रश्न मात्र आमच्या मातीतून येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतात इतके कायदे असून काय झाले? भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीला, 29 सप्टेंबर 2006 रोजी एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तेव्हा पुस्तकात होता. 2008 साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने खुनाबद्दल सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, पण हत्येमागे जात होती असे मानले नाही आणि तो कायदा लावला नाही; 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. कायद्यात शब्द असूनही न्यायालयाला जात दिसली नाही, तर परदेशात शब्द घालून काय साधणार, असे मला एका तरुण वकिलाने विचारले. मी त्याला उलटे विचारले, की त्या निकालाविरुद्ध विदर्भभर जो आक्रोश झाला, तो कशाच्या आधाराने झाला? ‘हा कायदा का लावला नाही’ असे विचारता आले, कारण कायदा होता. जिथे शब्दच नाही तिथे न्यायालय चुकले असेही म्हणता येत नाही. नाव असलेला कायदा अपुरा पडतो, पोलिसाच्या टेबलावर मरतो, साक्षीदार फुटल्याने हरतो, हे सारे मी पाहिले आहे. पण माझ्या लहानपणी ‘आपसात मिटवा’ यापलीकडे ठाण्यात दुसरा शब्द नव्हता, आणि आज आमच्या पुऱ्यातली बाई ठाण्यात जाऊन कलमाचा आकडा स्वतः सांगते. हा फरक मला क्षुल्लक वाटत नाही.

कायद्याचा हात कुठवर पोहोचतो हेही ओळखले पाहिजे. नोकरी, पगार, घर, विद्यापीठातली जागा इथवर तो पोहोचतो. सणाच्या जेवणाला कुणाला बोलवायचे, मुलीचे लग्न कुणाशी करायचे, ‘आपल्यातला’ कोण, हे तो ठरवू शकत नाही, आणि त्याने ठरवू नये. तिथले काम आपले आहे, आणि त्यातले बरेचसे इथून करायचे आहे, कारण तिकडे जाणारी जात इथल्याच घरांतून बांधून दिली जाते. अमेरिकेतल्या मुलासाठी स्वजातीय स्थळ शोधणारी जाहिरात नागपूर-अमरावतीच्या वधू-वर मेळाव्यांतून निघते. विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीत कुणी कुणासोबत राहायचे, याची चौकशी मुले उतरण्याआधीच इथल्या नात्यागोत्यांतून झालेली असते. पूर्वी विलायतेला जाणे म्हणजे काहीतरी घेऊन परतणे होते. विलायतेत शिकून आलेले डॉ. पंजाबराव देशमुख 1927 साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाच्या पुढे उभे राहिले. कुणबी घरात जन्मलेल्या त्या माणसाला हे करण्याची कुणी सक्ती केली नव्हती.

म्हणून काही गोष्टी इथूनच मागायला हव्यात. परदेश शिष्यवृत्ती देणाऱ्या समाजकल्याण खात्याने, मुलगा ज्या देशात जातो आहे तिथे जातीवरून त्रास झाला तर कुठे, कोणत्या शब्दांत, किती दिवसांच्या आत तक्रार करायची, याचे दोन पानी मराठी पत्रक निवडपत्रासोबत द्यावे. विमानाचे भाडे देणाऱ्या शासनाला हे जड नाही. परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांनी आपापल्या घटनेत, सभासदत्व आणि कार्यकारिणी यांबाबत जातीवरून भेद करणार नाही, असे एक कलम स्वतःहून घालावे. कुठल्या सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि भारत सरकारने, जात हा आमचा अंतर्गत विषय आहे, ही संयुक्त राष्ट्रांच्या 2001 च्या डर्बन येथील वंशभेदविरोधी परिषदेपासूनची भूमिका सोडावी. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2002 सालीच, जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातही येते, असे स्पष्ट केले आहे. आपली मुले जगभर पसरली असताना जात अंतर्गत कशी राहील?

मुलाच्या वडिलांना मी शेवटी जे सांगितले ते एवढेच. अ‍ॅट्रॉसिटी तिकडे लागत नाही. पोरगा सिएटलला किंवा फ्रेस्नोला असता, तर त्या शहराच्या कार्यालयात जाऊन थेट ‘जात’ असे लिहू शकला असता. तो ज्या शहरात आहे, तिथल्या नियमात तो शब्द नाही. त्याने जे घडले ते तारीखवार लिहून ठेवावे, निरोप आणि पत्रे जपावीत, आणि तक्रार द्यायची झाल्यास वंश आणि राष्ट्रीय मूळ या रकान्यांत खूण करून खाली सविस्तर मजकूर जोडावा. त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. घडी घालून खिशात ठेवताना त्यांनी विचारले, “म्हणजे त्याला आधी जात कायची असते, थेबी त्या साहेबाले समजावून सांगा लागन?” मी हो म्हणालो.